कुंडीतले संत्रे आणि काकांच्या चार सूचना

१.
गेल्या पावसाळ्यात पुण्यातील माझ्या भाड्याच्या खोलीच्या गॅलरीसाठी मी संत्र्याचे एक कलम विकत घेतले. हे माझे दुसरे कलम. पहिले वर्षभरातच मेले होते. नर्सरीवाल्या काकांनी पिशवीला सुतळी बांधता बांधता विचारले, "पहिलं कशानं गेलं, ताई?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हा त्यांनी बोटांवर मोजून चार गोष्टी सांगितल्या.

"कुंडीला खाली भोक पाहिजे. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या, आणि जोडाखाली फुटलेला कोंब ठेवू नका. सारखं पाणी घालत बसू नका, झाडाला ताण बसला पाहिजे. आणि इकडून-तिकडून रोपं, फांद्या आणू नका."

मी विचारले, "असं का?"

"आमचे वडील सांगायचे."

२.
इतिहासाच्या विद्यार्थ्याने "वडील सांगायचे" या उत्तरावर थांबू नये. मी थांबले नाही, आणि गेले काही महिने या चार सूचनांचा माग काढत राहिले. त्या शोधातून हाती आलेली गोष्ट आज सविस्तर मांडते आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: या सूचना म्हणजे केवळ बागकामातील सवयी नव्हेत. यांपैकी बहुतेकींच्या मागे एखादी जुनी हानी उभी आहे. कुठे मेलेली रोपे, कुठे उजाड झालेल्या बागा, कुठे सरकारी करवतीखाली गेलेली परसातील झाडे. हानी विस्मरणात गेली, तिचे उत्तर तेवढे काकांच्या वडिलांपर्यंत पोहोचले.

३.
आधी या कुळाची ओळख. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार लिंबूवर्गाचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या पट्ट्यात आहे. तेथून ही झाडे काही दशलक्ष वर्षांपूर्वी आशियाभर पसरली.

आपल्या ओळखीची बहुतेक फळे मोजक्या पूर्वजांच्या संकरातून आली. त्यांतील तीन मुख्य: महाळुंग, पपनस आणि संत्रावर्ग. पपनस आणि संत्रावर्ग यांच्या मिश्रणातून मोसंबीचे कूळ आले, आणि त्यांच्याच वेगळ्या संकरातून कडू नारिंग. कडू नारिंग आणि महाळुंग यांच्यापासून युरोपातील पिवळे लिंबू झाले. आपल्या कागदी लिंबाचाही एक पूर्वज महाळुंगच.

नावांचा प्रवासही पाहा. संस्कृत "नारङ्ग", फारसी "नारंग", अरबी "नारंज", स्पॅनिश "नारांहा" आणि शेवटी इंग्रजी "ऑरेंज". शब्द सहज प्रवास करतो. झाडाला तसे जमत नाही. त्याला वाटेत कुंडी लागते.

४.
पहिली सूचना: कुंडीला भोक पाहिजे.

ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्यात "मीडियाचे किंवा पर्शियाचे सफरचंद" अशा नावाने महाळुंगाचे वर्णन आहे. हे फळ खात नाहीत, पण कपड्यांत ठेवले तर कसर लागत नाही, असे तो नोंदवतो. त्यानंतर तो लागवडीकडे वळतो: बी वसंतात वाफ्यात पेरावे, चार-पाच दिवसांनी पाणी द्यावे, आणि खजुराप्रमाणे हे झाड भोक पाडलेल्या मडक्यातही लावतात.

सिकंदराच्या स्वाऱ्यांनंतर ग्रीक जगाला पूर्वेकडील वनस्पतींची जी माहिती मिळाली, तिच्यात हा तपशीलही आला. युरोपच्या लिखित परंपरेतील लिंबूवर्गाच्या अगदी आरंभीच्या वर्णनातच भोक असलेली कुंडी आहे!

५.
त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी रोमन लेखक प्लिनी एका अपयशाची नोंद करतो. औषधी गुणांमुळे अनेक देशांनी हे झाड आपल्याकडे नेण्याचा प्रयत्न केला. मुळांना श्वास घेता यावा म्हणून छिद्रे असलेल्या मातीच्या भांड्यांतून रोपे नेली. तरीही मीडिया आणि पर्शियाबाहेर ते रुजले नाही, असे तो सांगतो.

पुढे इटलीत ही झाडे रुजली, हे आपल्याला ठाऊक आहे. येथे महत्त्वाची आहे ती "श्वासा"ची जाण. लिंबूवर्गाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात आणि कुजतात. भोक हे पाणी जाण्यासाठी असते, तसेच हवा येण्यासाठीही असते. आपण कुंडीखाली बशी ठेवतो आणि तिच्यात पाणी साचू देतो, तेव्हा प्लिनीच्या काळातील माणसाला कळलेली गोष्ट विसरत असतो.

६.
कुंडी पुढे राजवाड्यात गेली. उत्तर युरोपातील हिवाळ्यात संत्री उघड्यावर जगत नाहीत. म्हणून दक्षिणेकडे तोंड, मोठ्या खिडक्या आणि जाड भिंती असलेली "ऑरेंजरी" ही खास इमारत जन्माला आली.

फ्रान्सचा अर्थमंत्री निकोला फूके १६६१ साली कैद झाला. त्याच्या वो-ल-व्हिकोंत येथील वाड्यातील संत्र्याची झाडे चौदाव्या लुईने आपल्याकडे आणली. पराभूताची संपत्ती जप्त होते, तिच्यात झाडेही होती! १६८४ ते १६८६ या काळात वास्तुकार मान्सार याने व्हर्सायची भव्य ऑरेंजरी उभारली. तिचे मुख्य दालन १५० मीटरांहून लांब आहे. आजही तेथे हजाराहून अधिक झाडे पेट्यांत वाढतात. मेच्या मध्यास ती बाहेर निघतात आणि ऑक्टोबरच्या मध्यास परत आत जातात.

७.
पर्यटकांना दालन दिसते. मला त्या पेट्या अधिक बोलक्या वाटतात. व्हर्सायच्या लाकडी पेटीच्या बाजू उघडता येतात. बाजू काढायची, मुळे तपासायची, माती बदलायची आणि पुन्हा बंद करायची. झाड उपटावे लागत नाही.

राजाच्या वैभवाचा हा देखावा दर वर्षी दोनदा शेकडो जड पेट्या हलवणाऱ्या माळ्यांच्या आणि मजुरांच्या पाठीवर उभा होता. इतिहासाच्या पुस्तकात लुईचे नाव येते, मान्सारचेही येते. पेटी उचलणाऱ्याचे येत नाही. त्याचे शहाणपण मात्र पेटीच्या रचनेत उरले आहे. आपल्यासाठी त्याचा अर्थ साधा: कुंडीतील माती कायमची नसते. दोन-तीन वर्षांनी मुळे पाहावीत, गुंतलेली मुळे छाटावीत आणि माती नवी घालावी.

८.
दुसरी सूचना: कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा.

आपल्या कुंडीतील संत्रे म्हणजे प्रत्यक्षात दोन झाडे आहेत. खाली एकाचे मूळ, ज्याला "खुंट" म्हणतात. वर दुसऱ्याचा डोळा भरून वाढवलेले खोड आणि फांद्या. हे कौशल्य किती जुने? चीनमधील वेन्झोऊचा अधिकारी हान यान्झी याने ११७८ साली केवळ लिंबूवर्गाला वाहिलेला ग्रंथ लिहिला. त्यात २७ प्रकारांची नोंद आहे.

कलमाची त्याने दिलेली रीत अशी: खुंटाच्या झाडाचे बी धुऊन सुपीक मातीत पेरावे, एका वर्षाने रोपे विरळ करून लावावीत, आणि आणखी वर्षभराने खोड लहान मुलाच्या मुठीएवढे झाले की वसंतात कलम करावे. अमुक बोटे न लिहिता "लहान मुलाची मूठ" हे माप देणाऱ्याने स्वतः बागेत उभे राहून पाहिले असणार, यात मला शंका नाही.

९.
आपल्याकडे काय होते? बाबराने सोळाव्या शतकात हिंदुस्थानातील फळांचे वर्णन केले. त्याच्या आत्मचरित्रात नारिंग, लिंबू, महाळुंग यांच्याबरोबर जंबेरीही येते. आज विदर्भातील संत्र्याची कलमे प्रामुख्याने याच जंबेरीच्या खुंटावर बांधली जातात.

नागपुरी संत्र्याविषयीची परंपरा सांगते की, अठराव्या शतकात रघूजी भोसले यांनी औरंगाबादेकडून रोपे आणवून आपल्या परसबागेत लावली. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या, लाखो क्विंटलच्या बाजारपेठेच्या या फळाची आठवण एका घरच्या परसापासून सुरू होते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे आणखी एक परस येणार आहे.

१०.
जोडाविषयीची ताकीद समजण्यासाठी अटलांटिकमधील अझोर्स बेटांवर जावे लागते. एकोणिसाव्या शतकात तेथून संत्र्यांची जहाजे इंग्लंडला जात. झाडे स्वतःच्याच मुळांवर उभी होती. १८३० आणि १८४०च्या दशकांत तेथे विचित्र रोग दिसू लागला. बुंध्याजवळची साल कुजे, डिंक ओघळे, पाने पिवळी पडत आणि झाड मरे. पुढे हा रोग भूमध्य सागराकाठच्या बागांतही पसरला.

आपल्याकडे याला "डिंक्या" म्हणतात. त्याच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्मजीवांच्या गटाला १८७६ साली "फायटोफ्थोरा", म्हणजे "वनस्पतिनाशक", असे नाव मिळाले. आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळास कारण झालेला जीव याच गटातला.

११.
उत्तर सापडले ते मुळाशी. कडू नारिंगाचे मूळ हा रोग बऱ्याच अंशी सोसते, असे बागायतदारांना दिसले. मग कडू नारिंगाच्या खुंटावर गोड संत्र्याचे कलम बांधण्याची पद्धत भूमध्य प्रदेशात आणि पुढे अमेरिकेत रूढ झाली.

पण खुंट कितीही कणखर असला तरी वरचे गोड खोड नाजूकच राहते. ओली माती जोडाच्या वर चढली की रोगाला त्या नाजूक सालीशी थेट वाट मिळते. म्हणून जोड वर आणि बुंधा कोरडा. बुंध्याला निळसर बोर्डो मलम फासलेले आपण विदर्भात पाहतो. त्याचा पूर्वज म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण. फ्रान्समधील बोर्दो भागात वाटेकडेच्या वेलींवरची द्राक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून ते फवारत, आणि त्या वेलींवर रोग कमी आहे हे मिलार्दे यांच्या ध्यानात आले. १८८५ साली त्यांनी ते औषध म्हणून प्रसिद्ध केले.

१२.
आता ते दुसरे परस. १८७३ साली कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे एलायझा टिबेट्स या गृहिणीकडे वॉशिंग्टनच्या कृषी खात्याकडून संत्र्याची काही कलमे आली. वाण मूळचा ब्राझीलमधील बाहियाचा, बीविरहित. तिने ती घराजवळ लावली. भांडी धुतलेले पाणी घालून ती झाडे तिने जगवली, अशी आख्यायिका आहे.

फळात बी नसल्याने वंश वाढवण्याचा मार्ग एकच, डोळे काढून कलमे बांधणे. त्या अंगणातील झाडांचे डोळे कॅलिफोर्नियाभर गेले आणि एका राज्याचा उद्योग उभा राहिला. त्यांतले एक झाड आजही जिवंत आहे. दीडशे वर्षांचे!

१३.
ते कसे जगले, हे येथे महत्त्वाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या झाडालाही डिंक्याने गाठले. १९१८ साली संशोधकांनी त्याच्या भोवती नवी रोपे लावली आणि त्यांचे शेंडे मूळ खोडाच्या सालीत, कुजलेल्या भागाच्या वर, जोडून दिले. जुनी मुळे निकामी झाली तरी नव्या मुळांनी झाड तोलून धरले. १९५१ साली हाच उपचार पुन्हा करावा लागला.

मरणाऱ्या वृद्धाला तरुणांनी खांदा द्यावा, तसे ते दृश्य असणार. "जोड मातीच्या वर ठेवा" या एका वाक्यात अझोर्सच्या उजाड बागा आणि रिव्हरसाइडचे हे म्हातारे झाड, दोन्ही सामावली आहेत.

१४.
येथे कथा संपली असती तर ती सुखान्त ठरली असती. पण प्रत्येक उत्तर आपले ऋण मागे ठेवते. १९३०च्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये कडू नारिंगाच्या खुंटावरील झाडे झपाट्याने सुकू लागली. लाखो झाडे गेली. लोकांनी रोगाला नाव दिले "ट्रिस्टेझा", पोर्तुगीज भाषेत "दुःख".

१९४६ साली ब्राझीलमध्ये सिद्ध झाले की हा रोग मावा किडीमार्फत पसरतो. कारण विषाणू. या विषाणूमुळे जोडापाशी अन्न वाहून नेणाऱ्या पेशी निकामी होतात आणि खालची मुळे उपाशी मरतात. ज्या कडू नारिंगाच्या खुंटाने डिंक्यापासून वाचवले, तोच खुंट येथे घातक ठरला.

१५.
ब्राझीलने मग खुंट बदलला आणि रंगपूर लिंबाचा आधार घेतला. नाव आपल्याच उपखंडातल्या, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरचे. काही दशके बरी गेली. २००१ साली त्याच खुंटावरील झाडे अकस्मात मरण्याचा नवा रोग ब्राझीलमध्ये दिसला. पुन्हा शोध सुरू.

आपली जंबेरी ट्रिस्टेझा सोसते, डिंक्यापुढे मात्र ती दुबळी आहे. म्हणूनच आपल्याकडे बुंध्याची काळजी दुप्पट घ्यावी लागते. आणि काकांच्या सूचनेचा उत्तरार्धही येथेच उलगडतो. जोडाखालून फुटणारा कोंब संत्र्याचा नसून जंबेरीचा असतो. तो जोमाने वाढतो, काटेरी असतो, आणि सोडला तर वरचे संत्रे मागे पडून घरात जंबेरीच उरते. "आमच्या संत्र्याला आंबट, जाड सालीची फळे येऊ लागली" या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच.

१६.
तिसरी सूचना: झाडाला ताण बसला पाहिजे.

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना बहार शिकवण्याची गरज नाही. इतरांसाठी सांगते. लिंबूवर्गाला आपल्याकडे वर्षातून तीनदा फुले येऊ शकतात. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास आंबिया बहार, पावसाच्या आरंभी मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हस्त बहार. शेतकरी यांतील एक निवडतो. त्यासाठी तो काही आठवडे पाणी तोडतो. जमिनीच्या मगदुरानुसार हा काळ कमी-अधिक होतो. वाढ थांबते, पाने किंचित मलूल होतात. मग पाणी आणि खत मिळताच झाड फुलांनी लगडते.

१७.
या ज्ञानाला शोधकर्त्याचे नाव नाही. मृग आणि हस्त ही नक्षत्रांची नावे सांगतात की, ते पंचांगावर शेती करणाऱ्या माणसांनी पाहून पाहून घडवले. मौज अशी की, सिसिलीतील लिंबाचे बागायतदारही उन्हाळ्यात पाणी तोडून, मग एकदम पाणी देऊन पुढच्या उन्हाळ्यासाठी फळे धरवत. दोन दूरच्या प्रदेशांनी एकच गोष्ट ओळखली: कोरडेपणा किंवा थंडी यांनी वाढ थांबली की झाड फुलोऱ्याकडे वळते.

गॅलरीतील कुंडीला मात्र शेताचे माप लावू नये. शेतातील मुळे खोल ओलाव्यापर्यंत पोहोचतात, कुंडीतील मुळांना तशी सोय नाही. रोप लहान असेल तर ताण देऊच नये. मोठ्या रोपालाही पाने मलूल दिसताच पाणी द्यावे. रोजच्या पाळतीसाठी नियम एवढाच: वरची दोन बोटे माती सुकल्याशिवाय पाणी नको. अतिप्रेमाने मेलेली झाडे उपेक्षेने मेलेल्या झाडांहून कमी नसावीत.

१८.
चौथी सूचना सर्वांत कठोर: इकडून-तिकडून रोपे, फांद्या आणू नका.

लिंबाच्या पानांवर उठणारे खरबरीत तपकिरी फोड आपण पाहिले असतील. हा "खैऱ्या" रोग. कारण एक जिवाणू. १९३३ साली दोन संशोधकांनी जुन्या वनस्पतिसंग्रहातील वाळवलेली पाने तपासली, तेव्हा भारतातून १८२७ ते १८३१ या काळात गोळा केलेल्या महाळुंगाच्या पानांवर त्यांना या रोगाचे डाग आढळले. ज्यांनी ती पाने जपली, त्यांना रोगाची कल्पनाही नव्हती. शंभर वर्षांनी ती पाने साक्षीदार झाली. पुराभिलेखागारात बसणाऱ्या माझ्यासारखीला हा प्रसंग फार जवळचा वाटतो.

१९.
१९१०च्या सुमारास हा रोग जपानहून आलेल्या रोपांबरोबर अमेरिकेत गेला. झाडे जाळून त्याचे उच्चाटन करण्यात आले. १९९५ साली तो फ्लोरिडातील मायामीच्या नागरी वस्तीत पुन्हा सापडला, म्हणजे शेतात नव्हे, घरांच्या परसांत.

२००० पासून राज्याने कडक नियम लावला: रोगी झाडापासून १,९०० फूट, म्हणजे सुमारे ५८० मीटर परिघातील लिंबूवर्गाचे प्रत्येक झाड तोडायचे. निरोगी असले तरी. सरकारी पथके करवती घेऊन घरोघरी गेली. लाखो घरगुती झाडे पडली. पहिल्या झाडाबद्दल घरमालकाला १०० डॉलरचे व्हाउचर मिळे.

२०.
दोन्ही बाजू नीट ऐकाव्यात. राज्य म्हणत होते की, वारा आणि पाऊस जिवाणू दूर नेतात, आज दिसायला निरोगी असलेले झाड उद्या रोग पसरवील, आणि हजारो कुटुंबांचा रोजगार बागांवर आहे. घरमालक म्हणत होते की, आमचे झाड निरोगी आहे, ते आईवडिलांनी लावले आहे, आणि मोठ्या बागायतदारांसाठी आमच्या अंगणाचा बळी का?

२००४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पण २००४ आणि २००५च्या चक्रीवादळांनी जिवाणू इतका दूरवर उधळला की, मोहीम निरर्थक झाली. जानेवारी २००६ मध्ये ती थांबली. भरपाईचे खटले त्यानंतरही वर्षानुवर्षे चालले, आणि काही जिल्ह्यांतील घरमालक जिंकले.

२१.
दरम्यान आणखी मोठे संकट दाराशी आले होते. चीनमध्ये आधीपासून ठाऊक असलेला "ह्वांगलोंगबिंग", म्हणजे ग्रीनिंग, २००५ साली फ्लोरिडात सापडला. सायला नावाची इवलीशी कीड तो पसरवते. झाड एकदा ग्रासले की बरे करण्याचा खात्रीचा उपाय नाही. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडाने सुमारे २४ कोटी पेट्या संत्री पिकवली होती. २०२२-२३ मध्ये, रोग आणि वादळे यांच्या तडाख्यानंतर, ती संख्या सुमारे १ कोटी ६० लाखांवर आली.

ग्रीनिंग आणि सायला भारतातही आहेत. म्हणून प्रमाणित नर्सरीतील कलमाचा आग्रह. रिव्हरसाइडचे ते दीडशे वर्षांचे झाड आज जाळीच्या आवरणात उभे आहे. परिसरात रोग आढळल्यावर ती जाळी घातली गेली. एका उद्योगाची जननी आता पडद्याआड जगते आहे.

२२.
आता माझ्या पहिल्या कलमाकडे येते. ते मेले तेव्हा मी त्याला पिशवीतून कुंडीत लावताना "मजबूत बसावे" म्हणून माती वर, जोडाच्याही वर, चढवली होती. सकाळ-संध्याकाळ पाणी घातले होते. बुंध्याशी आलेला चिकट, तपकिरी थेंब मला शोभेचा वाटला होता. त्याचा फोटोही मी काढला होता.

अझोर्सच्या बागायतदारांना १८३०च्या दशकात जे दिसले, तेच मला माझ्या गॅलरीत दिसत होते. त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळ ते चार किलोमीटरवरच्या नर्सरीत, एका माणसाच्या जिभेवर तयार होते. मी विचारले नव्हते, एवढेच.

२३.
इतिहास म्हणजे राजे, तह आणि लढाया, ही समजूत आपण मागे टाकली आहे. तरीही ज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण नावे असलेल्या माणसांकडेच वळतो. थिओफ्रास्टस, हान यान्झी, मिलार्दे यांची नावे मीही घेतली. पण थिओफ्रास्टसला भोकाचे मडके कोणी दाखवले? मृग बहाराचा ताण पहिल्यांदा कोणी मोजला? व्हर्सायची पेटी कोणाच्या पाठीने सुचवली? त्यांची नावे कागदावर नाहीत. त्यांचे शब्द मात्र काकांच्या तोंडी आहेत.

आपल्या घरी, गावी, आजोळी लिंबू, संत्रे, मोसंबी, ईडलिंबू, महाळुंग असेल तर यंदाच्या सुटीत चार प्रश्न विचारा: ते कोणी लावले, कोठून आणले, बीचे की कलमाचे, आणि त्याची निगा राखताना घरात काय सांगितले जात असे? उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. सांगणारे फार काळ राहणार नाहीत, आणि झाड बोलत नाही.

माझ्या दुसऱ्या कलमाला या आठवड्यात नवी पालवी फुटली. जोड मातीपासून वीतभर वर आहे. मी मोजला.